बंपर नवाच होता

परत सांगू? अहो, पोलिसांना सांगून झालं, आता विमा कंपनीचे तुम्ही — म्हाताऱ्याचं तोंड म्हणजे काय टेप आहे? बरं, लिहा. मी डेंटर. ठोकाठोकी माझी, कॉम्प्युटर धाकट्या पोराचा. गाडी माझ्या लेकीची, पुढून ठोकलेली, आमच्याच गॅरेजात आली. बंपर नवा बसवला — नव्या बंपरला पुट्टी कोण लावतं? पुट्टी लावली मडगार्डला, तीही नखाएवढी. आणि धाकटा बहिणीला सांगतो, बाबांच्या जाड पुट्टीनं बंपरमागचा सेन्सर आंधळा झाला, म्हणून गाडीनं आपणहून ब्रेक मारला नाही! दुरुस्त झालेली गाडी घेऊन पोरगी ट्रकवर आदळली, कंबर गेली, डॉक्टर म्हणतात आता चालणं विसरा — आणि मी दारात उभा राहिलो तर भिंतीकडे तोंड फिरवते. बापाकडे पाठ! हिला सायकल मी शिकवली, मागनं कॅरियर धरून धावलो —

काय? सेन्सर? ते धाकट्याचं खातं. स्कॅनर लावतो, दिवा विझवतो, मग गाडीसमोर तो काळ्यापांढऱ्या चौकड्यांचा बोर्ड उभा करून गाडीची नजर सरळ करतो — कॅलिब्रेशन का काय ते. बोर्डाशिवाय होतच नाही म्हणे, गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतो. कसला बोर्ड न् कसलं काय — माझी फडकी वाळत घालायची सोय झालीय! लेकीची गाडी दिली त्या दिवशीसुद्धा सकाळी ओली फडकी टाकली कोपऱ्यात त्याच्यावर, लेक गाडी घेऊन गेल्यावर काढली — पापडासारखी कडक, कोणी हात म्हणून लावला नव्हता —

का हो, पेन का थांबलं?

…नाही, म्हणजे — काढून परत टाकली असतील त्यानं. नीटनेटका आहे तो. नाही, तसा नाही, पण… खोडा ते. खोडा म्हणतो ना! पुट्टी जाड होती असं लिहा. बंपरलाच होती. वय झालं, हात चुकला माझा, घाला माझ्या नावावर — काय? फोटो? नव्या बंपरचा फोटो आहे तुमच्याकडे?

हं.

मग मला कशाला बोलतं केलंत? उठा. उठा, दार तिकडं आहे. आता गॅरेजला कुलूप लागणार, तो आत जाणार, आणि लेक काही उठून चालणार नाही. कोणाचं काय भलं झालं? आणि माझ्याशी एक शब्द — चुकलं बाबा, एवढंच — तोंडदेखलं तरी बोलायला हवं होतं धाकट्यानं.