उरलेलं मेण

सिस्टर : हे पांढरं काय थापलंय हातावर? चुना?

बायको : मेण आहे, सिस्टर. घरामागेच मेणबत्त्यांचा छोटा कारखाना आहे आमचा.

सिस्टर : मेणाने भाजलं ते दिसतंय. पण हा थर सांडून झालेला नाही. नीट हाताने दिलाय.

नवरा : मीच दिला. मेणाने भाजलं की वरून कोमट मेण लावायचं. हवा लागत नाही, आग थांबते. आमच्या धंद्यात सगळे तेच करतात.

सिस्टर : आग थांबत नाही दादा, आत कोंडते. भाजल्याभाजल्या हात नळाखाली धरायचा, साध्या पाण्यात, चांगला वीस मिनिटं. मग स्वच्छ कापड गुंडाळून तडक इकडे यायचं. कधी झालं हे?

नवरा : आज सकाळी.

बायको : काल संध्याकाळी.

सिस्टर : दोघांनी मिळून एक काय ते ठरवा.

बायको : मला काल संध्याकाळी दिसलं. त्याआधी खिशात हात घालून फिरत होते साहेबांसारखे. जेवणाचं ताटसुद्धा कारखान्यात घेऊन गेले.

सिस्टर : हे कालचंही नाही. वास यायला लागलाय जखमेला. ताई, तुम्ही जरा बाहेर थांबता?

बायको : का? मी नाही ओतलं त्यांच्यावर.

सिस्टर : मी कुठे म्हटलं तसं?

बायको : तुमचे डोळे म्हणतायत.

सिस्टर : रोज कुणीतरी येतं आणि सांगतं, स्टोव्ह भडकला, पाय घसरला. सगळं खरं असतं तर माझे डोळे असे झाले नसते. बरं, थांबा इथेच, पण मध्ये बोलू नका. दादा, बोटं उघडा. आणखी. आणखी!

नवरा : एवढीच उघडतात.

सिस्टर : आणखी चार दिवस घरी बसला असतात तर मूठ मिटली ती मिटलीच असती. आता प्रत्येक बोटाला वेगळी पट्टी, आणि कितीही दुखलं तरी रोज हलवायची. हात खाली लोंबू देऊ नका. कसं झालं?

नवरा : पातेलं उतरवताना कलंडलं.

सिस्टर : कुठल्या हाताने धरलं होतं?

नवरा : दोन्ही.

सिस्टर : मग डावा हात कोरडा कसा? आणि उजव्याचा तळवा भाजलाय, मनगटाची आतली बाजू भाजलीय. हात असा उताणा पुढे केल्याशिवाय असं होत नाही. तुम्ही उतरवत नव्हता दादा. पडणारं मेण अडवायला गेलात.

बायको : म्हणजे दुसरं कुणीतरी होतं तिथे! परवा कारखाना बंद होता, सिस्टर. मी बहिणीकडे गेले होते दिवसभर. बोला आता. कोण होती?

नवरा : कुणी नाही गं.

बायको : कुणी नाही, तर तोंड का पडलं? बंद कारखान्यात भट्टी पेटवून कुणाला दाखवत होता मेणबत्त्या?

सिस्टर : ताई, तुमचं भांडण नंतर. दादा, मला एवढंच सांगा. तुमच्या हातावर आलं ते थोडं आहे. उरलेलं मेण कुठे पडलं?

नवरा : फरशीवर.

सिस्टर : सगळं?

नवरा : बरंचसं.

सिस्टर : दादा, तुमच्यासारखंच मेण लावून कुणी घरी बसलं असेल तर आत्ता सांगा. उद्या सांगून उपयोग नाही.

नवरा : आई होती.

बायको : आई? त्या कशाला जातील तिथे? मी बजावलंय त्यांना, कारखान्यात पाऊल टाकायचं नाही म्हणून.

नवरा : म्हणूनच तू नसताना गेली. तो धंदा तिनेच उभा केलाय, रिकाम्या हाताने बसवत नाही तिला. मी पोहोचलो तोवर पातेलं उचललं होतं. तोल गेला. थोडं माझ्या हातावर आलं, बाकीचं तिच्या पायावर.

बायको : म्हणून ते मोजे! एवढ्या उकाड्यात विचारलं तर म्हणाल्या, थंडी वाजते. आणि तुम्ही दोघं सारखे कुजबुजत होतात. मला वाटलं, मायलेकरांचं माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय.

सिस्टर : फोड किती मोठे आहेत?

नवरा : मेणाखाली दिसत नाहीत. पण तिला काही दुखत नाही, सिस्टर. चालते-फिरते, काम करते.

सिस्टर : साखर आहे का त्यांना?

बायको : आहे. कितीतरी वर्षांपासून.

सिस्टर : मग दुखणारच नाही. आतून पाय सडला तरी दुखणार नाही. त्याचीच तर भीती असते. तुमचा हात वाचेल दादा, पण त्यांचा पाय वाचवायचा असेल तर आत्ताच्या आत्ता इथे आणा.

बायको : तुमच्या जिभेला काय झालं होतं हो? काल मी हात बघितला तेव्हा तरी सांगायचं!

नवरा : तूच म्हणाली होतीस, पुन्हा तिथे दिसल्या तर धाकट्या भावाकडे पाठवून देईन. तिने मला शपथ घातली.

बायको : अहो, त्यांना धड दिसत नाही! काळजीपोटी बोलले मी.

नवरा : तिला काळजी ऐकू आली नाही.

सिस्टर : फोन लावा आधी. मोजा ओढायचा नाही, मेण खरवडायचं नाही, पाय जमिनीला टेकवायचा नाही. तेवढं सांगा.

(बायको फोन लावते.)

बायको : आई, मी बोलतेय, दवाखान्यातून... हो, सांगितलं त्यांनी... नाही, नाही रागावले... आई, रडू नका, ऐका. मोज्याला हात लावू नका. मेणही काढू नका. पलंगावर पाय वर घेऊन बसा, मी रिक्षा घेऊन येतेय... काय भरलंय?... कधी, परवाच?... अहो, कुणी नाही पाठवत तुम्हाला कुठे... बसा म्हटलं ना. मी निघालेच.

नवरा : काय म्हणाली?

बायको : मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला. परवापासून पिशवी भरून बसल्यात.

नवरा : आणि?

बायको : विचारत होत्या, जाताना घराची किल्ली शेजारी ठेवू का म्हणून.