मेपलच्या भट्टीवर आलेली तार

व्हर्मांटमधल्या त्या टपाल कचेरीत डोरीन खिडकीमागे तिकिटं फाडत होती, पण तिचे कान रांगेकडे होते. म्हातारा वेंडेल आणि त्याची शेजारीण लोर्ना बोलत होते.

"काय वेंडेल, आलं का इंटरनेट घरी?"

"घरी कुठलं! भट्टीवर आलं."

"मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करतोस त्या खोपटात?"

"तिथंच. कंपनीच्या नकाशात माझ्या घराचा ठिपका खोपटाच्या छपरावर पडलाय. माणसं आली, तिथवर तार ओढली आणि गेली."

"अरे, मग घरापर्यंत न्यायला सांगायचं!"

"सांगितलं की. म्हणतात, नकाशात तुमचं काम झालंय."

"धन्य आहेत! आणि मधल्या झाडीतून वायफाय काय पोचणार?"

"घराच्या पायरीपर्यंतसुद्धा नाही. रागारागानं बोस्टनला लेकीला फोन केला, तर ती हसतच सुटली. म्हणाली, बाबा, खोपटाला खिडकी आहे ना? माझं टेबल तिथंच मांडा. ऑफिसचं काम तिथून करीन."

"आणि मार्चमध्ये रसाचा हंगाम आला, तू भट्टी पेटवलीस की?"

"तेव्हा रजा काढून लाकडं घालणार आहे म्हणे."

"मग आज रांगेत कशाला उभा?"

"तिचा पत्ता बदलायचा अर्ज हवाय."

वेंडेलच्या पुढे अजून तिघं होती. डोरीननं अर्ज आधीच काढून ठेवला.