चाकांची होडी

दवाखान्यातली संध्याकाळची गर्दी ओसरली होती. नंबर पुकारून पुकारून नर्सचा घसा बसला होता. ती खिडकीला टेकून उभी राहिली. समोरच्या बाकावर, हाताला प्लास्टर घातलेल्या आजी शेजारच्या होडीवाल्याला विचारत होत्या.

“होडी ढकलताना पाठ धरली म्हणतोस, पण तुझ्या होडीला चाकं आहेत ना?”

“आहेत की. पाण्यात वर दुमडायची, काठाशी आलं की खाली सोडायची. पुढचं चाक वळतं, त्यामुळे होडी इंजिनावरच थेट अंगणात येते.”

“मग ढकलायची वेळ का आली?”

“पुढचं चाक चिखलात रुतलं. वळेचना.”

“चाकं नव्हती तेव्हा काय करायचास?”

“मी आणि थोरला भाऊ, दोघं खांदा लावायचो. मग आमचं फाटलं. त्याला हाक मारायला नको, म्हणून तर चाकं बसवली.”

“आणि आज?”

“सवयीनं तोंडातून निघून गेलं, ‘दादा, लाव रे खांदा!’ घर शेजारीच त्याचं.”

“आला?”

“आला. खांदा लावला. होडी निघाली, आणि हा तिथंच वाकलेला राहिला.”

“अगंबाई! म्हणजे पाठ तुझी नव्हे?”

“माझी कुठली, आजी? तो आत आहे.”

तेवढ्यात आतून हाक आली. नर्सनं बसक्या आवाजात विचारलं, “पेशंटबरोबर कोण आहे?”

“मी. पण आधी त्याला विचारा, मी आत आलो तर चालेल का.”

नर्स आत जाऊन आली.

“विचारलं. म्हणाले, इतका वेळ बाहेर काय करतोय तो?”