खिळ्यावरचा बिल्ला

हॅलो?… हो, माशाच्या गोळ्यांच्या सुपाचंच दुकान. मोठ्यानं बोला, भांडी वाजतायत… कोण? त्साओ साहेब? अगंबाई! माझ्या लेकीचे, पेई-शानचे साहेब! म्हणजे, होतात ना, गेल्या महिन्यापर्यंत…

नाही, ती फोन घेणार नाही… इथेच आहे, समोर. शेवया खातेय… मला सांगा. चार यत्ता शिकलेय, पण कळतं हो मला!

काय? जोडलेलं यंत्र उपटलं की अख्खा कॉम्प्युटर अडकतो?… पडद्यावर काय येतं?… 'सुटायची वाट पाहतोय, धरणारे: एक.' सारखं तेच? अरेरे… आणि जपानी पाहुणे तीनला येणार? आत्ता सव्वादोन झालेत, साहेब.

अहो, ऐका ना… आमच्याकडे टोप नेणाऱ्यानं खिळ्यावर बिल्ला अडकवायचा, काम झालं की काढायचा. खिळा रिकामा झाला तरच मी टोप घासायला टाकते… थांबा, पुढं ऐका! माझी जाऊ टोप शोधून हातात देते ना, ती देतानाच नेणाऱ्याच्या नावाचा बिल्ला अडकवून मोकळी होते. नेणारा म्हणतो, मी कुठं अडकवला? मग काढू कशाला? नि खिळा रिकामा होतच नाही… हो, हो, अगदी हेच! हेच पोरीनं तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही काय म्हणालात, सगळ्यांदेखत? 'खानावळीतली अक्कल कर्नलमध्ये नको.'… म्हणालात! शब्दन्‌शब्द पाठ आहे मला. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा, तेही ठाऊक आहे. वर सफाईच्या नावाखाली तिच्या प्रोग्रॅमच्या ओळी खोडल्यात, आणि तिच्या कामावर स्वतःचं नाव लावलंत.

माफी माझ्याकडे नको. ती तुमची मेलची यादी, जगभरचे कर्नलवाले वाचतात ती… तिथे लिहा. आत्ता. मी धरते फोन… लिहा, काम पेई-शानचं, चूक माझी… 'आमची' नाही! 'माझी'…

पाठवलंत?… पोरी, आलं का गं? वाच… पुन्हा वाच, मोठ्यानं. गिऱ्हाइकांनाही ऐकू दे… हं.

आता ऐका. शोधून हातात मिळालेलं, काम संपलं की सोडायचं. एकदाच हं! दोनदा सोडलंत तर दुसरा शिजवत असतानाच टोप घासायला जाईल… नवीन ओळ? नवीन काही लिहायचं नाही, साहेब. सफाईत सगळ्यात आधी खोडलीत ना, तीच. तीच होती ती…

घातलीत परत?… सुटलं? बघा!… काय, तिला परत कामावर? थांबा, विचारते. पेई-शान, बोलावतायत गं!… हसतेय, साहेब. तोंडात शेवया आहेत, उत्तर देता येईना तिला.

ठेवते. सूप उतू चाललंय.