फोटो नसलेला डबा

—नाही, नाही, तो ठेवा खाली. तो नकोच. अहो, दुकानदारच नको म्हणतेय म्हणजे काहीतरी कारण असेल ना? डबे भिंतीकडे तोंड करून का ठेवलेत म्हणता — ऊन लागतं, रंग उडतो. विकते मी तो, नाही कशाला म्हणू, सगळ्यात जास्त तोच खपतो. पोरं येतात, फोटोतल्या माणसाचा दंड बघतात, मग हळूच स्वतःचा चाचपतात, की झालं, डबा पिशवीत. पण तुम्ही आल्या आल्या काय म्हणालात? पोटाला झेपेल असं प्रोटीन द्या म्हणालात. मग पुढची बाजू बघून काय उपयोग? डबा फिरवायचा आणि मागचं बारीक अक्षर वाचायचं. कुणी वाचत नाही ते. वाचलं तर माझा धंदा बसेल, ते सोडा.

कुणासाठी हवंय? वडिलांसाठी. म्हणजे व्यायामाचं काही नाही, दुखणं आहे. ऑपरेशन — बरं — आणि डॉक्टर म्हणतात आधी वजन वाढवा, तोवर हात लावत नाही. बरोबरच आहे त्यांचं, अंगात काही नसेल तर जखम भरायची कशाने? आणि वाढायचं सोडून वजन उतरतंय. थांबा, पुढचं मी सांगते — पावडर दिली की पोट फुगतं, गुडगुडतं, आणि मग बाथरूमच्या फेऱ्या. हो ना? अहो, म्हणजे तुम्ही वरून घालताय आणि खालून सगळं वाहून जातंय! त्यांना दूध सोसत नसेल. दुधातली साखर पचवायला पोटात जे लागतं ते सगळ्यांकडे नसतं, त्यात लाजण्यासारखं काय आहे? आणि या डब्यांमधलं निम्म्याहून जास्त म्हणजे दूधच की, वाळवलेलं. चाळून साखर काढलेलंही मिळतं, पुष्कळांना चालतं. पण पोट आधीच रुसलेलं असताना त्याच्यावर प्रयोग कशाला? हा घ्या. वाटाणा आणि तांदूळ, बस. गोडी आणायला काही नाही, दाट करायला डिंक नाही — पोट फुगवतात ते हेच चोर. चव? खोटं कशाला सांगू, भिंतीचे पोपडे खाल्ल्यासारखी लागते. कोमट पाण्यात, सुरुवातीला अर्धाच चमचा, आणि घोट घोट. गटागटा नाही. आमच्याकडे एक होता, कितीही ओरडा, गटागटाच प्यायचा — असो. आणि हो, डबा आधी डॉक्टरांना दाखवा. किडनीचं काही असलं तर हेसुद्धा चालत नाही, मी काही डॉक्टर नाही.

काय? काय म्हणालात? वडिलांनीच सांगितलंय — फोटोवाला नको? अहो, पण पथ्य म्हणून कुणी फोटो वर्ज्य करतं का! आणि घरी सध्या कुठला देताय? हाच? खोकी भरून पडलाय, मग नवा कशाला — कोण, कंपनी पाठवते? कंपनी कुणाला घरपोच फुकट पाठवते, मला नाही कधी पाठवला — ...

जरा इकडे या. अशा उजेडात. मान वर करा.

हं. भुवई तीच आहे. तू त्याची मुलगी.

नाही, घाबरू नकोस. डबा धरून ठेव नीट, पडेल. बाकावर बस — नको, बसू नकोस, उभीच राहा, बसलीस तर मी बोलत सुटेन. त्याने पाठवलं तुला? या दुकानात, मुद्दाम? आणि काय सांगून पाठवलं — 'काउंटरवर एक बाई असतात, त्यांना विचार.' बाई! वा. मी तुझी आत्या आहे, बाळ. सख्खी. त्याच्याहून मोठी. तुला आत्या आहे हे माहीत होतं का? नव्हतं. बघ, किती स्वच्छ पुसलंय.

तो फोटो आहे ना डब्यावर, तो दंड — तो कुणी केलाय? काडीपैलवान होता काडीपैलवान, शर्ट घातला की खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा. दुधाचा पेला दाखवला की ओकायचा. आईने नाद सोडला, मी नाही सोडला. वाटाणे भिजव, वाळव, दळ, वस्त्रगाळ कर, तांदळाचं पीठ मिसळ — स्वयंपाकघर म्हणजे गिरणी झाली होती माझी. घरातल्या प्रत्येक भांड्याला पीठ, माझ्या केसांत पीठ. मला बघायला आलेले लोक म्हणाले, मुलगी पिठाच्या गिरणीत कामाला आहे का? हसू नकोस. हस, हस, मीही हसले होते. ते लग्न जमलं नाही, त्याचं नाही काही. तो स्टेजवर तेल लावून उभा राहायचा आणि मी खाली पंचा घेऊन. ढाल त्याला मिळायची, ती घरी उचलून मी आणायची. मग ही कंपनी आली. म्हणाली, तुमचा फोटो आमच्या डब्यावर. दुधाच्या डब्यावर, लक्षात घे! ज्याला दुधाचा वास सोसत नाही, त्याचा फोटो दुधाच्या डब्यावर! मी म्हटलं, अरे, लोकांना काय सांगशील? तर म्हणतो, ताई, झाकली मूठ. म्हटलं बरं. झाकली. हे दुकानही तेव्हाच टाकलं मी, त्याच्याच नावावर गिऱ्हाईक येईल म्हणून, यायचंही.

मग एक दिवस एक बाई आली, तुझ्यासारखीच, मुलाला घेऊन. मुलगा तोच डबा पिऊन पिऊन मरगळला होता, पोटाला हात लावू देईना. आणि ती म्हणते, पण तो फोटोतला पैलवान पितो ना हेच? आता काय सांगायचं? तूच सांग, तू माझ्या जागी असतीस तर? ते पोर समोर वेटोळं करून बसलेलं. म्हटलं, नाही हो, तो माझा भाऊ आहे, त्याला दूधच चालत नाही, बंद करा हे. संपलं. एवढंच बोलले. या कानाचं त्या कानाला होत होत कंपनीपर्यंत गेलं. कंपनीचा माणूस आला, टाय लावून, आणि त्याच्याबरोबर तुझा बाप — इथे, या काउंटरपाशी. मला वाटलं आता हा सांगेल. निदान गप्प बसेल. गप्प बसला असता तरी मला चाललं असतं ग! पण त्याने डबा फोडला, दुधात कालवला, मोठा पेला भरून, आणि माझ्या डोळ्यांत बघत गटागटा प्यायला. तोंड पुसलं आणि त्या टायवाल्याला म्हणतो, 'बघितलंत? बहीण आहे माझी, पण जळते. तिने माझ्यासाठी कधी चहासुद्धा केला नाही, ती नुसती डबे विकते.'

नुसती डबे विकते.

गाडीपर्यंत तरी पोचला की नाही कोण जाणे. चेहरा पांढरा झाला होता. आणि मी काय केलं माहितीये? मी मागच्या दाराने धावले, ओव्याचं पाणी घेऊन. म्हणजे बघ. मला जळकी म्हणणाऱ्याच्या मागे मी पेला घेऊन धावतेय. गाडी निघून गेली होती, बरंच झालं.

आणि आता तू सांगतेस, घरातही कुणाला माहीत नाही. बायकोला नाही, लेकीला नाही. तुम्ही प्रेमाने त्याचाच फोटो असलेला डबा दुधात कालवून देताय आणि तो पितोय! एवढ्या वर्षांत तोंडातून निघालं नाही की बाबांनो, मला दूध चालत नाही! अंगाची काडी झाली, डॉक्टर हात लावत नाहीत, तरी कबूल करायचं नाही. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही. मरेल तो. खरंच सांगते, दुखण्याने नाही मरणार, त्या एका पेल्याने मरेल. मरू दे. नाही — तू रडू नकोस, मी तोंडाची फटकळ आहे, मनावर घेऊ नकोस.

हे बघ, आज घरी गेलीस की तो दुधाचा कारखाना बंद. खोकी उचलून बाहेर. आईला सांग — कारण त्याचं तो सांगेल, नाहीतर राहू दे, म्हणावं डॉक्टरांनी बदलायला सांगितलंय. झाकूनच ठेव, चालेल. मूठच ती. हा डबा संपला की दुसरा आहे, त्यानंतर आणखी आहे, मागे भरपूर आहेत. खपत नाही हा, कोण नेणार पोपडे? तारीख उलटली की टाकून देते आणि नवीन मागवते. कशाला म्हणजे? ठेवावं लागतं दुकानात सगळं. एखादं गिऱ्हाईक येतं. काय बघतेस माझ्याकडे? येतं म्हटलं ना एखादं गिऱ्हाईक!

पण एक सांग त्याला. डबा पाहिजे असेल तर स्वतः यावं म्हणावं. लेकीला पुढे नाही करायचं. या काउंटरपाशी उभं राहून एकदा म्हणायचं, ताई, मला दूध चालत नाही. बस, एवढंच म्हणायचं, पाया पड म्हणत नाहीये मी. तो टायवाला नसला तरी चालेल. तू ऐकलंस तरी पुरे. तोवर हा डबा इथेच राहील, दे इकडे —

काय? बाहेर? कुठे बाहेर? तुझ्याबरोबर आलाय आणि तू इतका वेळ —

कुठल्या गाडीत? ती पांढरी? तिच्यात तर कुणीतरी म्हातारं बसलंय, शाल — मानेशी उशी लावून —

तो हा? एवढासा झालाय?

नको, हाक नको मारूस. दार लाव. लाव म्हटलं ना, पायऱ्या आहेत इथे, चढवणार नाहीत त्याला. दिसायला नको मी.

हा घे डबा. हा पण घे. पिशवी धर. कोमट पाणी, अर्धा चमचा, घोट घोट — तू समोर बसून पाज, नाहीतर गटागटा ओतेल. आणि मला बघितलंस, असं नको सांगूस. विचारेल तो, नक्की विचारेल. म्हणावं, काउंटरवर दुसरंच कुणीतरी होतं. नुसती डबे विकणारी.

जा आता. जा ना ग, उन्हात बसलाय तो.