पेल्यातले पाणी सांडले नाही

जबाब देणार: सौ. संचिता साईनाथ डुंबरे, वय ४४ वर्षे, व्यवसाय शिक्षिका, राहणार टिटवाळा पूर्व.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी पती साईनाथ व सासूबाई गंगुबाई यांच्यासह राहते. रविवारी गोवेली नाक्यावर आमच्या गाडीच्या टपावरचे सामान रिक्षावर पडले व रिक्षाचालक रत्नदीप शेजवळ यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले. रिक्षा स्टँड सोडून रस्त्यात उभी होती, सबब चूक चालकाची, असे माझ्या पतींनी लिहून दिले आहे. मी गाडीत पुढच्या सीटवर होते, म्हणून मला बोलावले आहे. पतींच्या म्हणण्याला मी दुजोरा द्यावा अशी अपेक्षा असेल, तर तो मी देऊ शकत नाही.

आमची गाडी सात जणांची, उंच, डिझेलवरची, बारा वर्षे जुनी आहे. ती वळणावर एका अंगाला कलत असे. माळशेज घाटात सासूबाईंना उलट्या होत, म्हणून त्यांनी जुन्नरकडच्या आमच्या गावी जाणेच सोडले होते. "आईला एकदा तरी न कलता गावी न्यायचं," असे पतींनी मनावर घेतले. त्यानंतर वर्षभर आमच्या घरात दुसरा विषय झाला नाही. शहाडच्या गॅरेजमध्ये त्यांनी चारही शॉकअप बदलले, झिजलेले रबरी बुश काढले, रुंद टायर घातले, आणि गाडीचे कलणे रोखणारा खालचा आडवा दांडा जाड बसवून घेतला. मी जेवायला वाढत असताना ताटातली वाटी कलती करून ते मला गाडीचा तोल समजावून सांगत. मी गणित शिकवते. मला एकदा सांगून कळते.

गाडी सुधारली, हे मी मान्य करते. शनिवारी जाताना सासूबाई संपूर्ण घाटात गाढ झोपल्या होत्या. पतींचे डोळे भरून आले, ते मी पाहिले. मलाही बरे वाटले.

मात्र जाताना टप रिकामा होता. टपावर ओझे असले की उंच गाडी हमखास कलते, तेव्हा येताना वर काही ठेवायचे नाही, असे पतींनी निघण्यापूर्वी मला कबूल केले होते. म्हणूनच सामान बांधायचा चांगला जाड दोर आम्ही घरी ठेवला.

रविवारी निघताना पतींच्या आत्या हौसाबाई कांद्याच्या दोन गोण्या, बाजरीचे पोते आणि चार लाल भोपळे घेऊन गाडीपाशी उभ्या राहिल्या. पती म्हणाले, "आत्या, वर काही ठेवायचं नाही असं ठरलंय."

"कुणी ठरवलं?" असे आत्यांनी विचारले. पतींनी माझ्याकडे पाहिले.

आत्या म्हणाल्या, "रिकाम्या गाडीनं जाशील तर परत माझ्या दारात येऊ नको." सासूबाईंनी नणंदेपुढे आजवर तोंड उघडलेले नाही, तेव्हाही उघडले नाही. मागच्या सीटवर जागा होती. पण तिथे कांदा ठेवला तर आईला वास येईल, असे पतींचे म्हणणे पडले. मग दोर नाही म्हणून आत्यांच्या अंगणातली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी काढून त्याच दोरीने सर्व सामान टपावर बांधले. बांधणारे माझे पतीच. मी दोरीबद्दल बोलले. "तुला ना, प्रत्येक गोष्टीत खोट दिसते," असे उत्तर मिळाले.

आता पेल्याबद्दल. गाडी कलत नाही हे सिद्ध करण्यासाठी पती माझ्या हातात पाण्याने भरलेला स्टीलचा पेला देत. जाताना संपूर्ण घाट मी तो पेला धरून बसले होते. घाटात लोक बाहेर डोंगर बघतात, मी पाणी बघत होते. येताना मी साफ नकार दिला. परंतु गोवेली जवळ आल्यावर ते म्हणाले, "शेवटचं वळण आहे. धर ना, संचिता." घरी पोचेपर्यंत तेच ऐकावे लागेल म्हणून मी पेला धरला. धरण्यापूर्वी मी म्हणाले, "समोर रिक्षा स्टँड आहे, हळू घ्या." ते म्हणाले, "बघच तू."

गाडी वेगाने आणि सफाईने वळली. टपावरचे सामान वळले नाही. दोरी तुटली व ते सरळ स्टँडवर गेले. रिक्षा स्टँडच्या आत, रांगेत पहिली होती. शेजवळ तिच्याजवळ चहा पीत उभे होते. मी उतरून धावले. ते म्हणाले, "ताई, भोपळा येताना दिसला, हात आपोआप वर गेला." सासूबाईंना तेव्हा जाग आली. "आलं का घर?" असे त्यांनी विचारले.

पतींचे म्हणणे आहे की, तू पेल्याकडे बघत होतीस, तुला रिक्षा कुठून दिसणार. मला ती पेला धरण्यापूर्वी दिसली होती, म्हणूनच मी हळू घ्या म्हणाले. ते असेही म्हणतात की आमच्या गाडीचा रिक्षाला स्पर्शसुद्धा झाला नाही. ते खरे आहे. आत्यांच्या भोपळ्यांचा झाला. शेजवळ घरातले एकटे कमावणारे आहेत. हात मोडला तो मोडला, वर चूकही त्यांच्याच माथी मारलेली मला चालणार नाही. काल रात्री घरी यावरून बोलणे झाले. ते इथे लिहू नये.

पाण्याचा एक थेंबही सांडला नाही, हे जबाबात यावे, असा पतींचा आग्रह आहे. नाही सांडला. पूर्वी गाडी कलायची तेव्हा ते घाबरून प्रत्येक वळण हळू घेत असत. त्या दिवशी थोडे जरी सांडले असते, तरी त्यांनी पाय ब्रेकवर ठेवला असता. ते पाणी मी शेजवळांना पाजले. पेला त्यांना धरता येत नव्हता, मी धरला.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे असल्याने बाहेर बाकावर बसलेल्या माझ्या पतींनीही तो ऐकला आहे. मी सांगितले तसाच तो लिहिला असून बरोबर आहे. पतींनी आत येऊन आपले लिहून दिलेले परत मागितले आहे, एवढे खाली जोडावे.