आता सह्या लागत नाहीत

निर्यात कार्यालयात माझ्या शेजारी एक वयस्कर एजंट आपला नंबर लागायची वाट बघत होते. छोट्या कारखानदारांचा माल परदेशी पाठवायचे कागद ते करत. त्यांच्या ओळखीची एक बाई येऊन शेजारी बसली.

“ये. या खेपेचे कागद आणलेस?”

“नाही काका. खेप गेली.”

“गेली? मग सह्या कुणी घेतल्या?”

“आता सह्या लागत नाहीत. सगळं घरबसल्या एकदाच भरायचं. मुलीने भरलं, संध्याकाळी मंजुरी आली.”

“लाकडाला कीड नसल्याचा दाखला?”

“तोही तिथेच जोडला.”

“बरं झालं. एका सहीसाठी तुझ्या पेट्या बंदरात भिजत पडायच्या.”

“तेव्हा तुम्हीच धावायचात. म्हणून फोनवर सांगवेना.”

“अगं, सध्या सगळे हेच सांगतात. फक्त ते फोनवर सांगतात.”

“आता काय करणार?”

“घरी बसेन. काकू तुझी दोन दिवसांत हाकलेल बाहेर.”

“मग आमच्याकडे या. माल बांधताना नजर ठेवायला माणूस हवाच आहे.”

“नोकरीचं नंतर बघू. पण येतो एकदा. इतकी वर्षं तुझ्या पेट्या पाठवल्या, उघडून एकही पाहिली नाही. आत असतं काय नक्की?”

“ससे. चाकांवरचे. दोरीने ओढले की कान हलवतात.”

“कान हलवतात?”

“हो.”

“आणि मी आपला दर वेळी लिहीत आलो, ‘लाकडी वस्तू, किरकोळ’.”